सायबर सुरक्षा शिकवून येते का? प्रशिक्षणाच्या परिणामांचा पुरावा काय सांगतो

बँक असो, रुग्णालय असो की सॉफ्टवेअर कंपनी, वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांनी सायबर सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स पूर्ण करायचा, ही प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. अर्ध्या-पाऊण तासाच्या चित्रफिती असतात, शेवटी काही प्रश्न असतात, उत्तरे चुकली तर पुन्हा देता येतात, आणि तक्त्यात नावापुढे ‘पूर्ण’ अशी नोंद झाली की विषय पुढच्या वर्षापर्यंत मिटतो. लेखापरीक्षक तो तक्ता पाहतात आणि संचालक मंडळासमोर पूर्ततेचा टक्का मांडला जातो. मात्र हा सारा खटाटोप ज्यासाठी केला ते साधले का, म्हणजे प्रशिक्षण घेतलेली माणसे फसव्या ईमेलला खरोखर कमी बळी पडू लागली का, याचे उत्तर त्या तक्त्यात कुठेही नसते.

हे उत्तर मिळवण्याची रीत वैद्यकशास्त्राने फार पूर्वी घालून दिली आहे. औषध गुणकारी आहे असे डॉक्टरांना किंवा रुग्णांना वाटते, एवढ्यावर तिथे भागत नाही. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतात, एकाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत, आणि ठरावीक काळानंतर दोन्ही गटांत काय फरक पडला ते मोजतात. चिठ्ठ्या टाकण्याचे कारण असे की, माणसांना स्वतःहून निवड करू दिली तर आधीच काळजीपूर्वक वागणारे लोक एका गटात गोळा होतात आणि त्यांच्या काळजीचे श्रेय औषधाला मिळते. शिक्षणाच्या क्षेत्रात, विशेषतः सायबर सुरक्षेच्या शिक्षणात, ही शिस्त उशिरा आली. पण गेल्या काही वर्षांत जे मोठे अभ्यास झाले आहेत, त्यांचे निष्कर्ष या व्यवसायातील बऱ्याच प्रस्थापित समजुतींना धक्का देणारे आहेत.

त्यांतला सर्वांत बोलका अभ्यास अमेरिकेतील युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सॅन डिएगो या विद्यापीठाच्या रुग्णालय यंत्रणेत झाला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. फिशिंग म्हणजे ओळखीच्या किंवा अधिकृत ठिकाणाहून आल्याचा बनाव करून पासवर्ड वा पैसे उकळणारा संदेश. अशा संदेशांची सराव-परीक्षा घेण्यासाठी संस्था स्वतःच कर्मचाऱ्यांना खोटे फिशिंग ईमेल पाठवते, आणि जो लिंकवर क्लिक करतो त्याच्या पडद्यावर तत्काळ धडा उघडतो. चूक झाली त्याच क्षणी दिलेला धडा सर्वाधिक लक्षात राहील, असा त्यामागचा तर्क. सॅन डिएगोच्या संशोधकांनी १९,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांना वेगवेगळ्या गटांत विभागले, आठ महिन्यांत दहा वेळा असे ईमेल पाठवले, आणि काही गटांना क्लिकनंतर धडा दाखवला तर एका गटाला काहीच दाखवले नाही. प्रशिक्षण मिळालेल्या गटांचे फसण्याचे प्रमाण प्रशिक्षण न मिळालेल्यांपेक्षा सरासरी अवघ्या १.७ टक्क्यांनी कमी भरले. याशिवाय, वार्षिक सक्तीचा कोर्स नुकताच पूर्ण केलेले आणि तो करून बरेच महिने उलटलेले यांच्या फसण्यात लक्षणीय फरक आढळला नाही; म्हणजे ज्या कोर्सची पूर्तता तक्त्यात मोजली जाते, त्याचा प्रत्यक्ष वागण्यावर मागमूसही दिसला नाही.

याचे एक कारण त्याच अभ्यासात सापडते. क्लिकनंतर उघडलेल्या धड्याच्या पानावर बहुतेक लोक एक मिनिटही थांबले नाहीत, आणि बऱ्याच जणांनी ते पान उघडताक्षणी बंद केले. जो धडा कुणी वाचतच नाही, तो चांगला की वाईट हा प्रश्नच उरत नाही. ज्यांनी प्रश्नोत्तरांच्या स्वरूपातला धडा शेवटपर्यंत पूर्ण केला, ते पुढे कमी फसले खरे. परंतु मुळात सावध असणारी माणसेच धडा पूर्ण करतात अशीही शक्यता आहे, आणि हा निष्कर्ष त्यामुळे जपून वाचायला हवा. दुसरी नजरेत भरणारी गोष्ट ईमेलच्या मजकुराची आहे. पासवर्ड बदलण्याविषयीच्या एका खोट्या ईमेलवर दोन टक्क्यांहूनही कमी लोकांनी क्लिक केले, तर सुट्ट्यांच्या धोरणात बदल झाल्याचे सांगणाऱ्या ईमेलवर सुमारे ३१ टक्क्यांनी. माणसे तीच, प्रशिक्षण तेच. बदलले ते फक्त आमिष. तेव्हा एखाद्या संस्थेने ‘आमचा क्लिक-दर मागील तिमाहीपेक्षा निम्म्यावर आला’ असे अभिमानाने सांगितले, तर पहिला प्रश्न विचारावा तो हा, की दोन्ही वेळी पाठवलेले ईमेल सारखेच कठीण होते का. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, २०२० मध्ये नेमकी याचसाठी एक मोजपट्टी मांडली. ईमेलमध्ये खोटेपणाच्या खुणा किती आहेत आणि त्याचा विषय वाचणाऱ्याच्या रोजच्या कामाशी किती जुळतो, या दोन अंगांनी तिच्यात काठिण्य ठरवले जाते. अशी पट्टी न लावता केलेली दोन तिमाहींची तुलना निरर्थक आहे.

स्वित्झर्लंडमधील ईटीएच झुरिक या विद्यापीठाचा २०२२ साली मांडलेला अभ्यास याहून पुढे जातो. एका मोठ्या कंपनीतील १४,००० हून अधिक कर्मचाऱ्यांवर पंधरा महिने चाललेल्या त्या प्रयोगात असे दिसले, की क्लिकनंतर लगेच दाखवल्या जाणाऱ्या धड्यांमुळे कर्मचारी अधिक सावध झाले नाहीतच, उलट काही बाबतींत ते अधिक बेफिकीर झाले. पण त्याच अभ्यासातून हाती लागलेली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. ईमेलच्या पडद्यावर ‘हा संशयास्पद वाटतो’ असे कळवण्याचे बटण दिले असता कर्मचाऱ्यांनी ते दीर्घकाळ, कंटाळा न करता वापरले, आणि त्यांच्या तक्रारींवरून नवे हल्ले लवकर ओळखता आले. शंभरातल्या एकाही माणसाने क्लिक करू नये, हे उद्दिष्ट व्यवहारात कधीच साध्य होत नाही. शंभरातल्या पाच जणांनी पहिल्या काही मिनिटांत कळवावे, हे साध्य होऊ शकते, आणि मग उरलेल्या पंचाण्णव जणांच्या पेटीतून तो ईमेल आयटी विभागाला काढून टाकता येतो. प्रशिक्षणाने काय शिकवावे याचे उत्तर त्यामुळे बदलते. ‘ओळखा आणि टाळा’ याच्या जोडीला, किंबहुना त्याच्या आधी, ‘शंका येताच कळवा, आणि क्लिक झाले असेल तरी न लाजता कळवा’ हे यायला हवे. फसलेल्या माणसाचे नाव सर्वांसमोर घेणाऱ्या कार्यालयात तो पुढच्या खेपेस गप्प बसेल, हे सांगायला संशोधनाची गरज नसावी.

प्रशिक्षण अगदीच निरुपयोगी असते, असा याचा अर्थ मात्र घेऊ नये. जर्मनीतील एका सरकारी भूमापन कार्यालयात ४०९ कर्मचाऱ्यांना फिशिंग ओळखण्याचे रीतसर प्रशिक्षण देऊन त्यांचे कौशल्य वर्षभर टप्प्याटप्प्याने तपासण्यात आले. प्रशिक्षणानंतर लगेच आणि चार महिन्यांनीही त्यांची कामगिरी पूर्वीपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. सहा महिन्यांनंतर तो फरक टिकला नव्हता. उजळणीसाठी जे उपाय करून पाहिले, त्यांत लहान चित्रफीत आणि प्रत्यक्ष सराव करायला लावणारी उदाहरणे सरस ठरली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे: वर्षातून एकदाच दिलेला लांबलचक कोर्स वर्षाचा उत्तरार्ध मोकळा सोडतो, तर तेवढाच वेळ विभागून दर चार-पाच महिन्यांनी थोडा थोडा दिला तर त्याचा काही उपयोग होण्याची शक्यता आहे.

यापेक्षाही खोलवरची एक अडचण आहे, आणि तिच्याकडे प्रशिक्षणे आखणारे फारसे लक्ष देत नाहीत. सरावाच्या प्रश्नमंजूषेत वीस ईमेल दाखवले जातात आणि त्यांतले दहा खोटे असतात. प्रत्यक्ष कामाच्या दिवसात शेकडो खऱ्या ईमेलमध्ये एखादाच खोटा असतो. दुर्मीळ गोष्ट शोधणे माणसाच्या नजरेला मुळातच जड जाते, हे दृष्टीच्या मानसशास्त्रात २००५ साली एका प्रयोगाने दाखवून दिले. चित्रांच्या गर्दीत विशिष्ट वस्तू शोधायची होती. ती निम्म्या चित्रांत असताना लोकांच्या नजरेतून सात टक्के वेळा सुटली. शंभरात एकाच चित्रात असताना तीस टक्के वेळा. पुढे ईमेलच्या बाबतीतही असाच प्रयोग झाला आणि खोट्या ईमेलचे प्रमाण घटवत नेले तसे ते ओळखण्याचे प्रमाणही घटले. म्हणजे प्रश्नमंजूषेत दहापैकी नऊ गुण मिळवणारा माणूस कामाच्या गडबडीत तेवढा सावध राहीलच असे मुळीच नाही. परीक्षेने ज्या परिस्थितीत त्याला तपासले, ती परिस्थिती त्याच्या टेबलावर कधीच येत नाही. शिवाय ज्याने घाबरून वीसच्या वीस ईमेल खोटे ठरवले, त्याने सर्व दहा खोटे ‘ओळखले’ असे म्हणायचे का? खऱ्या ग्राहकाचे, खऱ्या वरिष्ठांचे ईमेलही जो बाजूला टाकतो तो सुरक्षित नव्हे, तो निव्वळ कामाला अडथळा. म्हणून चांगली चाचणी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजते: खोटे किती पकडले, आणि खरे किती नाहक नाकारले.

काही बाबतींत माणसाला शिकवण्यापेक्षा यंत्रणा बदलणेच अधिक फलदायी असते, हेही पुराव्यातूनच कळते. गुगलने दोन विद्यापीठांच्या संशोधकांसह केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, खात्याला फोनवर संदेशाने येणाऱ्या कोडची जोड दिली असता सरसकट पाठवलेल्या फिशिंगचे ९६ टक्के हल्ले आणि एकेका व्यक्तीला नेमून केलेले ७६ टक्के हल्ले थोपले. यूएसबीसारखी छोटी सुरक्षा-किल्ली वापरणाऱ्यांच्या बाबतीत दोन्ही प्रकारचे सर्वच्या सर्व हल्ले निष्फळ ठरले. किल्ली प्रभावी ठरते कारण ती संकेतस्थळाचा खरा पत्ता स्वतः पडताळते. वापरणारा फसला तरी ती फसत नाही. प्रशिक्षणाच्या १.७ टक्क्यांशेजारी हे आकडे ठेवून पाहावेत. दोन्ही मोजमापे वेगळी आहेत, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करणे चुकीचे ठरेल, पण खर्चाचा प्राधान्यक्रम ठरवणाऱ्याला दिशा कळायला तेवढे पुरेसे आहे.

पासवर्डची कहाणी याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते, कारण तिथे चुकीचाच धडा वर्षानुवर्षे शिकवला गेला. मोठे अक्षर, लहान अक्षर, अंक आणि चिन्ह असा मिश्र पासवर्ड ठेवा आणि तो ठरावीक काळाने बदला, हा उपदेश २००३ च्या निस्टच्या मार्गदर्शिकेमुळे जगभर पसरला. तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये एका मुलाखतीत त्याबद्दल खेद व्यक्त केला. दरम्यान २०१० साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी ७,७०० हून अधिक खात्यांचे जुने पासवर्ड तपासले तेव्हा असे निघाले, की जुना पासवर्ड माहीत असल्यास ४१ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड संगणक काही सेकंदांत काढू शकतो, कारण लोक बदल म्हणून शेवटचा अंक एकाने वाढवतात किंवा एखादे चिन्ह पुढेमागे करतात. २०१७ च्या सुधारित मार्गदर्शिकेत निस्टने मुदतीची सक्ती आणि मिश्रणाची अट या दोन्ही गोष्टी काढून लांबीवर आणि फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी पडताळणी करण्यावर भर दिला. तरीही दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणारी कार्यालये आजही आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत, आणि ‘महिन्याचे नाव आणि वर्ष’ असा पासवर्ड ठेवणारे त्यांचे कर्मचारीही.

वर्गातले शिक्षण

आतापर्यंत सामान्य कर्मचाऱ्यांचा विचार झाला. या क्षेत्रात नोकरी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे शिक्षण हा वेगळा आणि अधिक अवघड प्रश्न आहे. सायबर सुरक्षेवर नेमके झालेले प्रयोग इथे तुलनेने कमी आहेत; मात्र शिकण्याच्या प्रक्रियेविषयी एकूण जे पक्के ठाऊक आहे, त्यातले बरेचसे या विषयालाही लागू पडते.

पहिली गोष्ट आठवून पाहण्याची. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला न पाहता आठवून लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र त्यांना ४२ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स चाळणाऱ्याला आपल्याला सगळे येते असे वाटते ते याचमुळे, आणि कोर्स संपताक्षणी घेतलेली चाचणी नेमकी हाच आभास मोजते. अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रयोगवहीत मागच्या वर्षाच्या वहीतून उतरवलेली आकृती व आज्ञावली, तिच्यावर सही, आणि व्हायवाला विचारले जाणारे तेच दहा प्रश्न, ही पद्धत बदलण्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. दर तासाच्या आरंभी मागील तीन आठवड्यांतल्या दोन गोष्टी न पाहता लिहायला लावणे पुरते.

दुसरी गोष्ट अनुभव देण्याच्या घाईची. ‘कॅप्चर द फ्लॅग’ या नावाच्या स्पर्धा, ज्यांत मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या संगणकात शिरून लपवलेले चिन्ह शोधायचे असते, विद्यार्थ्यांत लोकप्रिय आहेत. अमेरिकेतील डेफ कॉन या हॅकरांच्या संमेलनात १९९६ पासून त्या होत आहेत, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ पासून शाळकरी मुलांसाठी चालवलेली पिकोसीटीएफ ही त्यांची सर्वांना खुली आवृत्ती आहे. या स्पर्धांनी उत्साह येतो यात शंका नाही. पण विजेते हुशार निघाले म्हणून स्पर्धेने त्यांना हुशार केले असे सिद्ध होत नाही, कारण तिथे मुळात येतात ते बहुधा आधीच झपाटलेले. गणिताच्या शिक्षणावरील १९८५ पासूनच्या संशोधनात असे वारंवार दिसले आहे, की अगदी नवख्याला थेट प्रश्न सोडवायला बसवण्यापेक्षा पायरी-पायरीने सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली तर तो कमी वेळात अधिक शिकतो. आणि थोडी जाण आल्यावर मात्र तीच उदाहरणे त्याला अडथळा होऊ लागतात, तेव्हा त्याला मोकळे प्रश्न द्यावे लागतात. पहिल्याच सत्रात चार तास रिकाम्या काळ्या पडद्यासमोर बसून ‘हे आपले काम नाही’ असे ठरवून उठून गेलेल्या विद्यार्थिनी आणि विद्यार्थी कोणत्याच निकालपत्रात दिसत नाहीत. माझ्या मते या स्पर्धांचे खरे स्थान दुसऱ्या वर्षात आहे, प्रवेशद्वारी नव्हे.

तिसरी गोष्ट गैरसमजांची, आणि ती सर्वांत महत्त्वाची वाटते. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी १९९२ साली एक चाचणी तयार केली, जिच्यात आकडेमोड नव्हती, केवळ बल आणि गती यांविषयीच्या मूळ कल्पना तपासल्या होत्या. गणिते बिनचूक सोडवणारे विद्यार्थीही तिच्यात अडखळले, आणि त्या धक्क्याने भौतिकशास्त्र शिकवण्याच्या पद्धती बदलल्या. त्याच धर्तीवर मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतील ॲलन शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायबर सुरक्षेच्या मूळ कल्पनांची चाचणी विकसित केली. तिच्या तयारीत त्यांनी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या चुका काही प्रकारांत मांडल्या: अतिव्यापक विधाने, दोन संकल्पनांची गल्लत, पूर्वग्रह आणि चुकीची गृहीतके.

अशा गैरसमजाचे एक उदाहरण घेऊ. माहिती कूटबद्ध केली की ती सुरक्षित झाली, असे बहुतेक नवशिके मानतात. आता समजा, पैसे पाठवण्याचा आदेश अशा पद्धतीने कूटबद्ध केला आहे, की मूळ मजकुराच्या प्रत्येक बिटशी (संगणकात मजकूर ज्यांनी लिहिला जातो त्या शून्य-एकांपैकी प्रत्येकाशी) एका गुप्त प्रवाहाचा एक बिट मिसळलेला आहे. प्रत्यक्षात वापरात असलेल्या अनेक पद्धती अशाच चालतात. हल्लेखोराला तो प्रवाह तयार करणारी गुप्त किल्ली ठाऊक नाही आणि मजकूर वाचताही येत नाही, परंतु आदेशाच्या साच्यात रक्कम कोणत्या जागी येते आणि ती १,००० आहे, हे त्याला ठाऊक आहे. त्या जागेवरचा एक बिट त्याने उलटा केला, तर उलगडल्यावर मूळ मजकुरातलाही तोच बिट उलटा झालेला निघतो आणि १,००० चे ९,००० होतात. गुप्तता शाबूत राहिली, मजकूर मात्र बदलला. तो बदललेला नाही याची खात्री देण्यासाठी मजकुराला वेगळी पडताळणी-मुद्रा, म्हणजे किल्लीशिवाय बनवता न येणारी खूण, जोडावी लागते. ही गोष्ट व्याख्या पाठ करून कळत नाही. विद्यार्थ्याने आधी स्वतःचे उत्तर ठरवावे, शेजाऱ्याशी वाद घालावा, मग बिट उलटवून पाहावा, तेव्हा कुठे ती डोक्यात बसते. ‘कूटबद्धीकरणाचे प्रकार लिहा’ हा पाच गुणांचा प्रश्न विचारणाऱ्या प्रश्नपत्रिकेला हा गैरसमज कधीच सापडणार नाही.

नोकरी आणि कौशल्य

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला मराठी वाचकांना आठवत असेल. शनिवारी, ११ तारखेला, बनावट कार्डे वापरून अनेक देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे काढण्यात आले, सोमवारी स्विफ्ट या बँकांमधील आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे संदेश वाहणाऱ्या यंत्रणेतून आणखी रक्कम हाँगकाँगला वळवण्यात आली, आणि एकूण नुकसान ९४ कोटी रुपयांहून अधिक झाले. पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत न पोहोचता मधल्या बनावट यंत्रणेनेच त्यांना मंजुरी दिली, असे त्या वेळी सांगण्यात आले. अशा प्रसंगी कामी येते ते कौशल्य शनिवारी दुपारी नोंदींच्या ढिगाऱ्यात काहीतरी वावगे चालले आहे हे ओळखण्याचे, योग्य माणसाला फोन लावण्याचे आणि व्यवहार थांबवण्याचा निर्णय घेण्याचे असते. ईमेलवर क्लिक करू नका, या धड्याचा त्याच्याशी फारच थोडा संबंध आहे.

वावगे ओळखणे किती कठीण असते, याचा हिशेब करून पाहावा. समजा, एका यंत्रणेत रोज दहा लाख घटनांची नोंद होते आणि त्यांतल्या दहा खरोखर हल्ल्याच्या असतात. धोक्याची सूचना देणारे सॉफ्टवेअर त्या दहाही घटना पकडते आणि निर्दोष घटनांपैकी हजारात फक्त एकीबद्दल चुकीची सूचना देते, असे मानू. इतके चांगले सॉफ्टवेअर मिळणे दुर्मीळच. तरी रोज सुमारे १,०१० सूचना येतील आणि त्यांतल्या हजार खोट्या असतील. रात्रपाळीला बसलेल्या विश्लेषकाने शंभरातल्या नव्व्याण्णव सूचना खोट्या असतानाही शंभरावी काळजीने पाहायची असते. या कामासाठी माणूस तयार करायचा तर त्याला आज्ञावल्या पाठ असण्यापेक्षा संभाव्यतेची जाण, सूचना मागेपुढे लावण्याचा सराव आणि तीन ओळींत स्पष्ट अहवाल लिहिण्याची सवय अधिक उपयोगी पडेल. भारतात सर्ट-इन या सायबर घटनांची दखल घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते. तो अहवाल लिहिण्याचा सराव पदवीच्या चार वर्षांत किती जणांना मिळतो, हे कोणत्याही महाविद्यालयाने आपल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.

नोकऱ्यांच्या जाहिराती मात्र ‘पाच वर्षांचा अनुभव आणि अमुक सर्टिफिकेशन’ मागतात. निवडीच्या पद्धतींवरील अनेक दशकांच्या संशोधनाचा २०२२ साली पुन्हा आढावा घेतला गेला, तेव्हा पुढील कामगिरीचा अंदाज देण्यात आखीव मुलाखत सर्वांत वर आली; म्हणजे सर्व उमेदवारांना तेच प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण. विषयज्ञानाची चाचणी आणि कामाचा नमुना करून घेणे यांनीही चांगला अंदाज मिळतो. अनुभवाची नुसती वर्षे मोजण्याचा उपयोग फारच थोडा दिसला. निस्टने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या नाइस नावाच्या आराखड्यात प्रत्येक कामाची कार्ये आणि त्यांना लागणारे ज्ञान व कौशल्ये वेगवेगळी नोंदवलेली आहेत. जाहिरात त्या भाषेत लिहिली, तर उमेदवाराला एक तासाच्या नोंदी देऊन ‘यात काय घडले ते सांगा’ असे विचारता येते, आणि लहान गावातल्या महाविद्यालयातून आलेली, नामांकित सर्टिफिकेशनची फी न परवडणारी मुलगी आपले कौशल्य दाखवू शकते.

आपल्या संस्थेत तपासायचे तर

एखाद्या जिल्हा बँकेला किंवा पतसंस्थेला हे सारे स्वतः तपासायचे असेल, तर पद्धत अवघड नाही, पण आकड्यांचे भान हवे. समजा, प्रशिक्षणाआधी शंभरातले दहा जण फसतात आणि प्रशिक्षणाने ते प्रमाण सातवर येईल अशी अपेक्षा आहे. दोन्ही गटांत शंभर-शंभर माणसे घेतली, तर दहा आणि सात यांतला फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडू शकतो. तो खात्रीने ओळखायचा तर प्रत्येक गटात सुमारे साडेतेराशे माणसे लागतात, आणि माणसांऐवजी शाखांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या तर त्याहूनही अधिक, कारण एका शाखेतले लोक एकमेकांना विचारून वागतात. एकट्या पतसंस्थेला हे जमणार नाही. जिल्ह्यातल्या दहा-बारा संस्थांनी एकत्र येऊन तोच कोर्स, तेच सराव-ईमेल आणि तेच वेळापत्रक ठेवले तर जमू शकते. ‘गेल्या वर्षी वीस टक्के फसले, यंदा बारा’ असे एकाच संस्थेचे आकडे पुरवठादार कंपनी दाखवते तेव्हा त्यात तुलनेचा गट नसतो, हे लक्षात ठेवावे.

सराव-ईमेलच्या मजकुराबाबत एक मर्यादा पाळायला हवी. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील गोडॅडी कंपनीने कर्मचाऱ्यांना सणानिमित्त ६५० डॉलर बोनस जाहीर झाल्याचा ईमेल पाठवला आणि तो चाचणीचा भाग निघाला. सुमारे ५०० जणांनी क्लिक केले, आणि महासाथीच्या वर्षात केलेल्या या थट्टेबद्दल कंपनीला माफी मागावी लागली. पगार, नोकरी, आजारपण यांच्या आमिषाने आकडे नक्कीच वर जातात, परंतु त्यानंतर तीच माणसे आयटी विभागाच्या खऱ्या सूचनांवरही विश्वास ठेवीनाशी होतात.

मोजायचे काय, तेही आधीच लिहून ठेवावे. निकाल हाती आल्यावर सोयीचा आकडा निवडण्याचा मोह सर्वांनाच होतो. माझ्या मते तीन मोजमापे पुरतात: पहिली तक्रार किती मिनिटांत आली, चार आणि आठ महिन्यांनी समान काठिण्याच्या ईमेलवर किती जण फसले, आणि खरे ईमेल किती जणांनी नाहक फिशिंग म्हणून कळवले. सामान्य नागरिकांसाठीच्या मोहिमांनाही असेच काही लावता येईल. फोन लावण्याआधी वाजणारी सायबर फसवणुकीची सूचना आपण सर्वांनी ऐकली, ‘डिजिटल अरेस्ट’ असा कोणताही प्रकार कायद्यात नाही हेही ऐकले. ती सूचना किती कोटी कानांवर पडली यापेक्षा, फसवणूक झालेल्यांपैकी किती जणांनी पहिल्या तासाभरात १९३० क्रमांकावर फोन केला, हा आकडा जिल्हावार आणि महिनावार जाहीर होत राहिला, तर कोणत्या जिल्ह्यातली कोणती मोहीम उपयोगी पडली याचा काही अंदाज बांधता येईल.

ज्या शाखांच्या चिठ्ठ्या पहिल्या फेरीत निघाल्या नाहीत, त्यांना आठ महिन्यांनंतर तेच प्रशिक्षण द्यावे, म्हणजे कुणावर अन्याय होत नाही आणि तोवर तुलनेचा गटही मिळतो. आठ महिन्यांअंती दोन्ही गटांत फरक दिसलाच नाही, तर दुसऱ्या फेरीचा खर्च वाचवून त्या रकमेत निदान रोखपाल, शाखाधिकारी आणि स्विफ्ट किंवा आरटीजीएस हाताळणारे कर्मचारी यांच्यासाठी सुरक्षा-किल्ल्या घ्याव्यात, आणि तो निकाल इतर संस्थांनाही कळवावा.